बेताचं मीठ

दोन विहिणींना एका छताखाली ठेवू नये, असं शहाणी माणसं सांगतात. पण शहाण्या माणसांच्या आया आजारी पडत नसाव्यात.

चेकरताईची आई पडली. साधा ताप म्हणता म्हणता तो छातीत उतरला, अठरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, आणि घरी सोडलं तेव्हा अंगावरचं मांस आणि जिने चढायची हिंमत दोन्ही ती तिथेच ठेवून आली होती. तिला एकटीला तिच्या घरी कसं ठेवणार? चेकरताईने तिला आपल्याकडे आणलं. आपल्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि त्या सगळ्यावर आधीपासून राज्य करणाऱ्या माई. माई म्हणजे चेकरताईच्या सासूबाई.

चेकरताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. हॉस्पिटलांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. नऊ तास उभं राहायचं. शिवून आलेला नग उलटा करायचा, कॉलर बघायची, खिशाचे कोपरे ओढायचे, बटणं चाचपायची, आणि खोट सापडली की तिथे लाल बाणाचं स्टिकर डकवून नग बाजूला टाकायचा. दिवसाला चारशे नग. संध्याकाळी जिना चढताना आपल्या पोटऱ्या कुणाकडून तरी उसन्या आणल्यात असं तिला वाटायचं. तेव्हा तिची देवाकडे एवढीच मागणी असायची, की घरात गेल्यावर कुणी आपल्याला काही सांगू नये, काही विचारू नये, ताटात काहीतरी गरम पडावं आणि आडवं व्हायला मिळावं.

देवाला बहुधा दुसरी कामं होती.

आईने येतानाच अट घातली होती. "जावयाच्या घरी आयतं बसून खाणार नाही. स्वयंपाक माझ्याकडे." माईंचे गुडघे कधीचेच संपावर गेले होते. त्यांनी "घ्या बाई, सुटले एकदाची" म्हणून खुशाल चमचा-डाव तिच्या हाती दिला. पहिला महिना गुण्यागोविंदाने गेला. मग कुठे माशी शिंकली कळेना, पण माईंना आईच्या हातचं काही म्हणता काही गोड लागेना. आज खारट, उद्या अळणी. आईची पाठ फिरली की माई झाकण उघडायच्या. भाजीत पेलाभर पाणी ओतायच्या, सूपमध्ये बटाटा टाकायच्या, आणि आईने रंगेहाथ पकडलं की घर डोक्यावर घेतलं जायचं.

नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. पंधरा वर्षं उणे अठरात काढून त्याचं डोकं कायमचं थंड झालं होतं. त्याने भांडणावर तोडगा म्हणून मिठाचे दोन डबे आणले, एक आईचा, एक माईंचा. आता दोन्ही डब्यांतलं मीठ पडायला लागलं. "खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात," तो म्हणाला, "आपल्याला आता दोन जन्म जागावं लागणार." आणि कुणी हालहवाल विचारली की सांगायचा, "काय सांगू, इकडे आड, तिकडे विहीण."

पण त्या गुरुवारी त्यालाही विनोद सुचला नाही.

चेकरताईला दुसऱ्या मजल्यावरूनच आवाज ऐकू आला. वर येऊन बघते तो मोठं पातेलं बेसिनमध्ये उपडं, आणि भोपळा-वाटाण्याची सगळी भाजी जाळीत अडकून बसलेली. आई ओट्याला धरून उभी होती. माई खुर्चीत, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"विचार! विचार तुझ्या सासूला, काय केलं ते!"

"खारट होती. ओतली," माई म्हणाल्या.

"चौघांचं जेवण ओतलं! चाळीस वर्षं लोकांना जेवायला घातलं मी, कुणी ताटातला घास टाकला नाही. आणि ह्यांच्या जिभेला रोज काटे फुटतात!"

"फुटतात. करू काय?"

चेकरताईच्या खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती. त्या दिवशी कारखान्यात दीडशे नगांचा गठ्ठा परत आला होता आणि मुकादमाने तो तिच्यावर ढकलला होता. एरवी ती दोघींच्या मध्ये पडायची नाही. आज पडली.

"माई, आता अति झालं. म्हातारपण म्हणून किती खपवून घ्यायचं आम्ही? जरा तरी मनाची ठेवा."

माई उलटून काहीतरी सणसणीत बोलतील असं तिला वाटलं, बोलल्या असत्या तर बरंही वाटलं असतं. पण त्या काठी टेकत उठल्या आणि खोलीत निघून गेल्या. सगळ्यांनी पाव आणि चहावर भागवलं. झोपण्याआधी आई म्हणाली, "रविवारी मला माझ्या घरी पोचव. मी राहीन एकटी. मरत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चेकरताई डब्यातला उरलेला पाव कुरतडत बसली होती. शेजारी काजबटणाच्या मशीनवरची तिची मैत्रीण बसली. तिने पसरट डबा उघडला तशी चेकरताईची मान आपोआप वळली. पांढरा भात, त्यावर एका कोपऱ्यात लालभडक राजमा, दुसऱ्यात पिवळा मका, मग टोमॅटो-कांदा, हिरवी पानं, मधोमध दह्याचा गोळा.

"हे काय गं?"

"बरिटो बोल. खरं म्हणजे हे सगळं मोठ्या रोटीत गुंडाळतात म्हणे. आपण गुंडाळायची कटकट करायची नाही, वाडग्यात घालायचं आणि मोकळं व्हायचं. लेकीने शिकवलं." काजबटणवालीने चमच्याने ढवळलं. "पण खरी गंमत वेगळीच आहे. मी सगळं अळणी शिजवते. एक कण मीठ घालत नाही. टेबलावर मीठ, तिखट, लिंबू ठेवून देते. सासऱ्यांना बीपी, लेकीला जाळ लागतो, नवऱ्याला कांदा चालत नाही. ज्याने त्याने आपला वाडगा भरावा आणि गुमान गिळावं. नावं ठेवायची तर स्वतःलाच ठेवा!"

चेकरताईने पाव खाली ठेवला. "म्हणजे कुणाच्याच हातची चव नाही."

"ज्याच्या त्याच्या हातची."

शनिवारी येताना ती सामान घेऊन आली. झोपण्याआधी राजमा भिजत घातला. सकाळी उठून दोघींना स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं.

आईचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्या हातचं आता तुलाही नको झालं?"

"तसं नाही गं. आज तुलाही सुट्टी. बरिटो बोल करतेय."

"कसले बोल?"

"बरी आहे तोवर बरी," माई आतून म्हणाल्या. गुरुवारपासून त्या पहिल्यांदाच तोंड उघडत होत्या. "आणि बोल लावायला मी आहेच."

राजम्याच्या सहा शिट्ट्या झाल्या. नवऱ्याला कांदा चिरायला बसवलं. "पंधरा वर्षं बर्फात डोळ्याला पाणी आलं नाही," तो नाक ओढत म्हणाला, "आज बायकोने काढलं." मक्याचे दाणे तव्यावर कोरडेच टाकले, ते ताडताड उडायला लागले आणि दोन तिच्या मनगटावर बसले. ॲव्होकाडो आणला होता तो दगड निघाला. सुरीला दाद देईना, तेव्हा नवरा म्हणाला, "राहू दे, दार अडवायला होईल." टोमॅटो बारीक चिरून त्यात कांदा, कोथिंबीर आणि मिरचीचे तुकडे मिसळले. दही फेटून ठेवलं. कुठल्याही भांड्यात मिठाचा कण जाणार नाही इकडे तिचं बारीक लक्ष होतं. सवयीने हात दोनदा डब्याकडे गेला, दोनदा तिने तो मागे घेतला.

राहिला राजमा. कांदा-टोमॅटो-लसणावर परतून, थोडा चमच्याने ठेचून, तिने तो मंद आचेवर आटायला ठेवला. आईला स्वस्थ बसवेना म्हणून तिला आत घेऊन टेबलापाशी हिरवी पानं तोडायला दिली. "जरा लक्ष ठेव गं," म्हणाली आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर टेकली. दोनच मिनिटं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. चादरीची शिवण सरळ आहे की नाही, एवढं बघेपर्यंत तिचा डोळा लागला.

जाग आली ती काठीच्या आवाजाने. ठक, ठक, ठक. माईंच्या गुडघ्यांनी एवढी घाई वर्षभरात केली नव्हती. घरभर करपल्याचा वास भरला होता. ती धावली तोवर माईंनी गॅस बंद केला होता. पातेल्यातून धूर निघत होता, आणि त्या धुरापासून हातभर अंतरावर, गॅसकडे पाठ करून, आई शांतपणे एकेक पान तोडून परातीत टाकत होती.

"सर्दी झालीय का काय तुम्हाला, विहीणबाई?" माईंनी मोठ्याने विचारलं.

आईने मागे वळून बघितलं, पातेल्याकडे, मग माईंकडे. "हो ना. कालपासून नाक चोंदलंय."

चेकरताईचं लक्ष राजम्यात होतं. बूड लागलं होतं, वरचा बराचसा वाचला. तिने तो अलगद दुसऱ्या भांड्यात काढला. धुरकट वास राहिला, पण आता नव्याने राजमा शिजवायची ताकद तिच्यात नव्हती. आज एवढं एक जेवण भांडणाशिवाय पार पडलं की आईला थांबवता येईल, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता.

टेबलावर सगळी भांडी मांडली. भात, राजमा, मका, टोमॅटो-कांदा, पानं, दही, किसलेलं चीज, लिंबाच्या फोडी, तिखट, आणि मिठाचे दोन्ही डबे. चार वाडगे.

"घ्या. ज्याचं त्याने. कुणी कुणाला वाढायचं नाही, कुणी कुणाला बोलायचं नाही."

नवऱ्याने वाडग्यात डोंगर रचला. माईंनी मूठभर भात घेतला, त्यावर राजमा, भरपूर दही, मग आपल्या डब्यातलं चिमूटभर मीठ, लिंबू पिळलं, चाखलं, अजून अर्धी चिमूट घातली. आईने मात्र जन्मभराच्या सुगरणीला शोभेल असा वाडगा भरला. भात मधोमध, बाजूला लाल, पिवळा, हिरवा, असा एकेक रंग नीट लावला, वर कोथिंबिरीचं पान. मिठाचा डबा तिच्या कोपरापाशी होता. तिने त्याला हात लावला नाही. कालवलं आणि खायला लागली.

थोडा वेळ नुसता चमच्यांचा आवाज. चेकरताईला वाटलं, साधलं बहुतेक.

"राजम्याला धुराचा वास आहे," नवरा म्हणाला, "पण हॉटेलात मुद्दाम आणतात म्हणे असा."

"छान झालंय हो," आई घास गिळून म्हणाली. "आणि मीठ अगदी बेताचं पडलंय. शिकलीस बाई माझ्याकडून."

नवऱ्याला वाटलं सासूबाईंनी विनोद केला. तो हसायला लागला. "आई, अहो मीठ कुठे..."

टेबलाखाली काठी कशावर तरी आपटली. नवरा कळवळून गप्प झाला.

"बेताचंच आहे," माई म्हणाल्या. "सूनबाईने घातलंय. तुमच्यासारखं ओंजळीने नाही घालत ती."

"ओंजळीने! ऐकलंस? जेवताना तरी माणसाने गोड बोलावं!"

"गोड खाऊन साखर वाढते माझी."

आणि दोघी नेहमीसारख्या सुरू झाल्या. पण चेकरताई ऐकत नव्हती. ती आईच्या वाडग्याकडे बघत होती. त्यात मिठाचा कण नव्हता. मग तिने माईंकडे बघितलं. माई आपल्या दह्यात चमचा फिरवत होत्या आणि काही केल्या मान वर करत नव्हत्या.

जेवणं झाली, आई आतल्या खोलीत पडली. माई बेसिनपाशी उभ्या राहून भांडी पुसत होत्या. चेकरताईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"माई, कधीपासून?"

माईंनी वाडगा पुसला, पालथा घातला, दुसरा घेतला. "ती आली त्याच महिन्यात कळलं मला. दूध नासलं होतं. तिने त्याच दुधाचा चहा केला, मला दिला, स्वतः घेतला. मला घोट उतरेना, आणि ही बाई माझ्यासमोर बसून, गप्पा मारत, अख्खा कप प्यायली. मग मी नजर ठेवली. नाक गेलंय, आणि जीभही."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तुझ्या आईला चव कळत नाही, तिला ओट्यापाशी उभी करू नको? स्वयंपाकाच्या बोलीवर राहिलीय ती इथे. तो काढून घेतला असता तर दुसऱ्या दिवशी बॅग भरली असती तिने. आणि तिथे एकटी, गॅससमोर, बिननाकाची..." माईंनी वाक्य तिथेच सोडलं.

"म्हणून तुम्ही भांडत राहिलात."

"कजाग म्हातारी घरोघरी असते गं. तिची कुणी चौकशी करत नाही. बिघडलं की पाणी घालायचं, बटाटा घालायचा, पकडलं तर तोंड सोडायचं. गुरुवारी तिच्याकडून दोनदा मीठ पडलं होतं. पाण्याने निभावलं नसतं."

चेकरताई खुर्चीत बसली. पाय आधीच दुखत होते, आता सगळंच दुखायला लागलं. "मी तुम्हाला नको ते बोलले."

"बोललीस. तुझ्या जागी मी असते तर दोन शब्द जास्तच बोलले असते." माईंनी फडकं पिळलं. "आणि मी काही फार पुण्यवान नाही. तुम्ही दोघं सकाळी आठला जाता, सातला येता. ती यायच्या आधी अकरा अकरा तास मी भिंतीशी बोलायचे. भिंत उलटून बोलत नाही. हिला एक शब्द बोललं की चार परत येतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. तिला लाज वाटेल. शपथ आहे माझी."

संध्याकाळी आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी होती. चेकरताई तिच्याजवळ बसली आणि आडवळणं न घेता म्हणाली, "आई, आज कशातच मीठ नव्हतं."

आईचा हात घडीवरच थांबला. मग हळूच म्हणाली, "कापूस चघळल्यासारखं लागतं गं. हॉस्पिटलातून आल्यापासून. वाटलं, औषधांनी असेल, येईल परत. नाही आली."

"मग एवढे महिने स्वयंपाक कसा केलास?"

"हाताच्या अंदाजाने. चाळीस वर्षांचा हात आहे. कधी घातलं की नाही ते आठवत नाही, मग परत पडतं. आणि चुकलं तर तुझी सासू आहेच." आईच्या चेहऱ्यावर एवढ्यातही थोडी लबाडी आली. "ती खारट म्हणून ओरडली की दुसऱ्या दिवशी मी चिमूटभर कमी घालते. अळणी म्हणाली की वाढवते. तिच्या तोंडाळपणावरच माझा स्वयंपाक चाललाय."

"अगं, मग तिच्याशी भांडतेस कशाला?"

"नाही भांडले तर तिला संशय येईल ना! तिला कळता कामा नये. जन्मभर मी नाक वर करून राहिले, आता त्या नाकात काही राहिलं नाही हे विहिणीला कसं सांगू? तुला माझी शपथ."

दिवसभरात ही दुसरी शपथ. चेकरताईला हसू येईना, रडूही येईना. चारशे नगांमधला एक सुटलेला टाका तिच्या बोटांना कळतो, आणि घरात एवढं मोठं भोक पडलेलं तिला नऊ महिने दिसलं नव्हतं. कसं दिसणार? घरात ती डोळे मिटायलाच येत होती.

"सांगत नाही," ती म्हणाली. "पण बॅग परत वर ठेव. आणि डॉक्टरकडे यायचं. नाही आलीस तर शपथ गेली उडत."

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माईंना सांगितलं, आईच्या छातीचं बघायला नेतेय. माईंनी लगेच पायांत चपला घातल्या. "मी पण येते. बीपी मोजून होईल. घरी बसून मला भुतं खातात."

नाक-कान-घशाची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला शांत. तिने आईच्या नाकाखाली एकामागून एक बाटल्या धरल्या. कॉफी, लवंग, लिंबाची साल. आई दर वेळी मान हलवायची. जिभेवर थेंब टाकले. तिथेही तेच. बाहेर थांबायला सांगूनही माई आत येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, छताकडे बघत.

"किती दिवस झाले हे होऊन, आजी?"

आईने एकदा मागे नजर टाकली आणि म्हणाली, "झाले असतील दोन आठवडे."

डॉक्टरीण लिहायला लागली. चेकरताई तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नऊ महिने होतील. दोन आठवड्यांचं औषध देऊ नका तिला."

आई खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण वळली. माईंनी आपलं छत सोडलं नाही. डॉक्टरणीने दोघींकडे बघितलं आणि दोन आठवडे खोडून नऊ महिने लिहिलं.

तिने खोटी आशा दाखवली नाही. तापात वास घेणाऱ्या नसा दुखावतात, चवही जाते. कुणाची वर्षा-दोन वर्षांत परत येते, कुणाची अर्धीच येते, कुणाची येतच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास घ्यायचे, मन लावून, कळो न कळो. गॅसजवळ एकटीने उभं राहायचं नाही. बाकी स्वयंपाक खुशाल करा, म्हणाली, कुणीतरी चव बघायला हवं एवढंच.

परतीच्या बसमध्ये मागची लांब सीट मिळाली. चेकरताई मधे, दोघी दोन बाजूंना. तीन थांबे मागे गेले.

"नऊ महिने," आई शेवटी खिडकीकडे बघत म्हणाली.

"हो."

"आणि मला वाटलं, मी तुम्हाला फसवतेय."

"मला वाटलं, मी तुम्हाला."

बस सिग्नलला थांबली. "त्या नासक्या दुधाचा चहा तुम्ही प्यायलात?" आईने विचारलं. चेकरताईने तिला ते सांगितलं नव्हतं. म्हणजे दूध नासल्याचं आईलाही नंतर कळलं होतं, आणि तिनेही ते पोटात ठेवलं होतं.

"एक घोट. बाकीचा तुम्ही वळलात तेव्हा कुंडीत ओतला."

"तरीच ते झाड वाळलं."

"वाळणार नाही तर काय. माणूस वाचला हे नशीब समजा."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला, चेकरताईला आधी वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती. माई हसल्या नाहीत, नुसती काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"उद्यापासून मी चव सांगेन," माई म्हणाल्या. "तुम्ही घाला."

"हळू सांगा. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं नको."

"हळू मला जमत नाही. पन्नास वर्षांची सवय आहे."

"मग निदान पातेलं ओतू नका."

"ओतण्यासारखं करू नका."

चेकरताईचं डोकं मागे टेकलं होतं. बस उन्हात तापली होती, सीटच्या फाटक्या रेक्झिनमधला स्पंज मानेला टोचत होता, आणि तरीही तिला त्या दोघींचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. मीठ आधी की टोमॅटो आधी. भात मोकळा की गिचका. रविवारी ते बोल परत करायचं का. करायचं, पण राजम्याजवळ पोरीला उभी करायची नाही, ती जाळते.

"आपला थांबा आला," आई म्हणाली. "उठवू?"

"राहू द्या. एक थांबा पुढे गेलो तर काय बिघडतं?"

"तुमचे गुडघे?"

"माझे गुडघे माझे मी बघेन. झोपू द्या पोरीला."

पोरीला सगळं ऐकू येत होतं. तिने डोळे उघडले नाहीत. बस सुटली, थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर तिघी उतरल्या आणि माईंच्या चालीने, वाटेत दोनदा दुकानांच्या पायऱ्यांवर टेकत, उलट घराकडे चालायला लागल्या. दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागली.